हिशेबातून काढलेला सूर

कुठल्याही गावातल्या कार्यक्रमाला तासभर आधी जा. मंचावर कुणीतरी माइकवर बोटाने टकटक करून "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" म्हणत असतो. मी सांगली, मिरज, कोल्हापूर या पट्ट्यात नाटकांचं आणि गाण्याच्या मैफलींचं ध्वनिसंयोजन करते, आणि माझा या "हॅलो"वर फारसा भरवसा नाही. त्यातून एवढंच कळतं की वायर जोडलेली आहे. तो "हॅलो" कोंदट ऐकू आला तर दोष कुणाचा? बोलणाऱ्याच्या घशाचा, माइकचा, केबलचा, अ‍ॅम्प्लिफायरचा, स्पीकरच्या फाटक्या कागदाचा, की सभागृहाच्या भिंतींचा? माणसाच्या आवाजात एकाच वेळी कितीतरी कंपनं मिसळलेली असतात आणि दुसरा "हॅलो" पहिल्यासारखा कधीच नसतो. आत काय गेलं हेच नक्की माहीत नसेल, तर बाहेर आलेल्या आवाजाचा निवाडा करायचा कशाच्या आधारावर?

म्हणून मी टेस्ट टोन वापरते. एकच वारंवारता असलेला, एकाच उंचीचा, सपाट सूर. ऐकायला तो अगदी रूक्ष. पण गवंड्याचा ओळंबा स्वतः सरळ असतो म्हणूनच भिंतीचा कल दाखवतो, तसंच याचं आहे. त्यात काय आहे हे मला पूर्ण माहीत असतं. त्यामुळे स्पीकरमधून जे काही वेगळं येईल ते सगळं यंत्राचं आणि जागेचं.

तयार टोनच्या फाइली इंटरनेटवर भरपूर मिळतात, मोबाइलची अ‍ॅपही आहेत. तरी मी माझे सूर स्वतः बनवते. ती फाइल कुणी कोणत्या पातळीवर तयार केली, एमपीथ्री करताना त्यातलं काय छाटलं गेलं, हे आपल्याला कळत नाही. शिवाय स्वतः बनवायला लागतात जेमतेम दहा-बारा ओळी. पायथॉन ही भाषा फुकट मिळते आणि लागणारी तीन साधनं तिच्यासोबतच येतात: गणिताचं, आकड्यांचं बाइटमध्ये रूपांतर करणारं आणि ध्वनीची फाइल लिहिणारं. पायथॉनमध्ये फंक्शनचं नाव देवनागरीतही ठेवता येतं. माझ्या फंक्शनचं नाव आहे "सूर". त्याला तीन गोष्टी सांगायच्या: किती हर्ट्झ, किती सेकंद आणि किती जोरात. ते आकड्यांची रांग परत देतं.

या आकड्यांतच सगळं आहे, म्हणून जरा नीट बघू. संगणकाला सलग लाट ठाऊक नसते. ठरावीक अंतराने लाटेची उंची किती आहे, एवढेच नमुने तो साठवतो. सिनेमा आणि व्हिडिओच्या कामात सेकंदाला ४८,००० नमुने घेतात. सीडीवर ४४,१०० असतात. आता १००० हर्ट्झचा सूर घ्या. सेकंदाला हजार आवर्तनं, म्हणजे एका आवर्तनाच्या वाट्याला बरोबर ४८ नमुने. पूर्ण आवर्तन ३६० अंशांचं, म्हणून दोन नमुन्यांत साडेसात अंशांचं अंतर. फंक्शन प्रत्येक पायरीला त्या कोनाचा साइन काढतं, त्याला पातळीने गुणतं आणि जवळच्या पूर्णांकात बसवतं. शाळेत त्रिकोणमितीच्या तासाला पाठ केलेली साइनची सारणी इथे कानाला ऐकू येते.

सोळा बिटांच्या फाइलमध्ये सगळ्यात मोठा आकडा ३२,७६७. मी पूर्ण क्षमतेच्या २० डेसिबल खाली सूर काढते. २० डेसिबल खाली म्हणजे लाटेची उंची एक दशांश. तेव्हा माझ्या फाइलचे पहिले आकडे येतात ०, ४२८, ८४८, १२५४, १६३८. तिसाव्या अंशाला साइन निम्मा, म्हणून पाचव्या जागी १६३८. नव्वद अंशांना ३२७७ हे शिखर. मग उतार, शून्य, उणे बाजूला तेवढीच खोली आणि पुन्हा शून्य. हीच ४८ आकड्यांची माळ सेकंदाला हजार वेळा फिरते. पाच सेकंदांच्या सुराला २,४०,००० आकडे लागतात आणि त्यातला एकही मला अनोळखी नसतो. कागद-पेन्सिल घेऊन कुणीही ते पडताळून पाहावेत.

पहिल्यांदा फंक्शन लिहून सूर वाजवला की शेवटी हमखास "टक्" ऐकू येतं. सूर शिखरावर असताना अचानक संपला तर स्पीकरचा पडदा तिथून एका झटक्यात शून्यावर येतो, आणि अशा झटक्यात एकाच वेळी असंख्य वारंवारता असतात. उपाय सोपा आहे. सुरुवातीचे ४८० नमुने हळूहळू चढवायचे आणि शेवटचे ४८० उतरवायचे. एक शतांश सेकंदाचं हे काम, पण त्याने सूर स्वच्छ सुरू होतो आणि स्वच्छ थांबतो.

आणखी एक प्रयोग मी शिकायला येणाऱ्या मुलांकडून आवर्जून करून घेते. फंक्शनला ४७,००० हर्ट्झचा सूर मागा. माणसाचा कान फार तर २०,००० पर्यंत ऐकतो, तेव्हा शांतता असायला हवी. पण स्पीकरमधून १००० हर्ट्झचा ठणठणीत सूर येतो. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले की निम्म्यापर्यंतच, म्हणजे २४,००० हर्ट्झपर्यंतच लाटा खऱ्या उतरतात. त्यापुढची लाट तेवढ्याच अंतराने उलटी दुमडून खाली येते. ४८,००० मधून ४७,००० गेले, उरले १०००. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ साली आयबीएमच्या प्रचंड संगणकावर आकड्यांमधून संगीत काढलं, तेव्हापासून आजच्या मोबाइलपर्यंत निम्म्याची ही मर्यादा तीच आहे.

आता या सुराने एका मैफलीत काय केलं ते सांगते. तालुक्याच्या ठिकाणचं सभागृह, गायक काळी एकच्या पट्टीतले. आदल्या संध्याकाळी तालमीला तंबोरे लागले आणि गवईबुवा अस्वस्थ झाले. म्हणाले, "जवारी बिघडलीय. जोडीच्या तारेत काहीतरी खरखरतंय." तंबोरा मिरजेचा, नुकतीच जवारी काढून आणलेला. जवारीचा नाद मुळातच झंकाराचा असतो, त्यात परकी खरखर मिसळली तर ती ओळखणं फार अवघड. तंबोरा बाहेर व्हरांड्यात नेला तर खरखर गायब. आत आणला की परत हजर.

मी लॅपटॉप मिक्सरला जोडला आणि फंक्शन एका फेऱ्यात घातलं: १०० हर्ट्झपासून २०० पर्यंत एकेक हर्ट्झने चढत जा, प्रत्येक सूर दोन सेकंद. तीन-साडेतीन मिनिटांचं काम. १३६ पर्यंत सगळं गप्प. १३७ ला डोक्यावर कुठेतरी बारीक कुरकुर सुरू झाली, १३८-१३९ ला ती स्पष्ट खरखर झाली, १४१ ला पुन्हा शांत. दुसऱ्या रांगेवरच्या ट्यूबलाइटच्या पत्र्याच्या पट्टीचा एक स्क्रू ढिला होता. त्या पत्र्याची स्वतःची कंपनाची ओढ नेमकी तिथे होती, आणि काळी एकचा षड्ज आहे १३८.५९ हर्ट्झ. बुवा सा लावायचे, जोडीची तार सा सांगायची, आणि पत्रा त्यांच्यासोबत सा लावायचा. शिडी आणली, स्क्रू आवळला. बुवांनी तंबोरा परत मांडीवर घेतला आणि बराच वेळ नुसता छेडत बसले.

"हॅलो हॅलो"ने हे आयुष्यात सापडलं नसतं. गाण्याने दोष दाखवला खरा, पण जागा दाखवली ती त्या रूक्ष सुराने.

एकेक हर्ट्झने चढण्याऐवजी सूर सलग सरकवता येतो. त्याला आम्ही स्वीप म्हणतो: २० हर्ट्झपासून २०,००० पर्यंत एकाच दमात. इथे नवशिके हमखास फसतात, आणि ती फसगत समजून घेण्यासारखी आहे. सगळ्यांना वाटतं, साइनच्या सूत्रात वारंवारतेच्या जागी वाढत जाणारा आकडा घातला की झालं. दहा सेकंदांचा स्वीप तसा करून ऐका. सूर चढत जातो, अर्ध्या वाटेनंतर इतका बारीक होतो की ऐकूच येत नाही, आणि शेवटी वरून खाली उतरताना पुन्हा ऐकू येतो. कारण असं की सूत्रात वारंवारता आणि वेळ यांचा गुणाकार असतो. वारंवारता स्वतःच वेळेबरोबर वाढत असेल तर सूर दुप्पट वेगाने चढतो. तो २०,००० वर न थांबता ३९,९८० कडे निघतो, २४,००० ला दुमडतो आणि ८०२० हर्ट्झपर्यंत खाली येतो. यावर उपाय म्हणजे कोन दर वेळी शून्यापासून मोजायचा नाही. मागचा कोन लक्षात ठेवायचा आणि प्रत्येक नमुन्याला त्या क्षणाच्या वारंवारतेएवढी भर घालत जायची.

तरीही सरळ चढणारा स्वीप माझ्या फारसा उपयोगाचा नाही. २० ते २०,००० यांत जवळजवळ दहा सप्तकं येतात. सरळ चढीत २० ते १००० हा टप्पा दहापैकी अर्ध्या सेकंदात निसटून जातो, आणि माणसाच्या गळ्याचा, पखवाजाचा, तंबोऱ्याचा पाया तर तिथेच. म्हणून प्रत्येक सप्तकाला सारखा वेळ देणारी चढ घ्यायची. मग त्याच टप्प्याला साडेपाच सेकंदांहून जास्त वेळ मिळतो. इटलीच्या आंजेलो फरिना यांनी २००० साली अशाच स्वीपवरून सभागृहाचा प्रतिसाद मोजण्याची पद्धत मांडली. स्वीप वाजवायचा, ध्वनिमुद्रित करायचा आणि मूळ स्वीपशी गणिताने ताडून पाहायचा. त्यातून सभागृहातला घुमारा आणि स्पीकरने स्वतः घातलेली विकृती वेगवेगळी निघतात. आधी यासाठी फुगे फोडत किंवा पिस्तुलाचे बार काढत. फुग्याचा प्रत्येक बार वेगळा, हिशेबाचा स्वीप मात्र दर वेळी तोच.

हा सूर मिळवायला पूर्वी यंत्र लागायचं, आणि तेही महाग. १९३९ साली कॅलिफोर्नियात पालो अल्टोमधल्या एका गॅरेजमध्ये विल्यम ह्यूलेट आणि डेव्हिड पॅकार्ड यांनी कंपनी सुरू केली. त्यांचं पहिलं उत्पादन म्हणजे असा सूर काढणारा ऑसिलेटर, मॉडेल २०० ए. सुराची उंची स्थिर राहत नाही ही तेव्हाची मोठी अडचण होती. ह्यूलेटने सर्किटमध्ये साधा छोटा दिवा घातला. सूर वाढला की तार तापते, तापली की तिचा विरोध वाढतो आणि सूर आपोआप आवरला जातो. वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने १९४० च्या 'फँटेशिया' या चित्रपटासाठी या यंत्राच्या पुढच्या मॉडेलचे, २०० बी चे, आठ नग विकत घेतले. त्या चित्रपटाची बहुमार्गी ध्वनियोजना चित्रपटगृहात नीट जमवायला असे मोजके सूर हवेच होते. दिव्याची ती युक्ती मला फार आवडते.

आमच्या भागातही सूर मोजण्याचा ध्यास जुना आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी १९१० साली हिंदुस्थानी स्वरसप्तक आणि बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. तारेच्या लांबीवरून स्वर मोजताना त्यांना अब्दुल करीम खाँसाहेबांचं साहाय्य मिळालं होतं. अर्नेस्ट क्लेमंट्स हे आयसीएस अधिकारीही या कामात शिरले आणि त्यातून श्रुतींची पेटी तयार झाली. त्यांना ज्यासाठी एवढा खटाटोप करावा लागला, त्याची गोडी आज माझ्या फंक्शनला दोन आकडे देऊन कुणालाही घेता येते.

वरच्या सप्तकातला काळी एकचा सा घ्या, २७७.१८ हर्ट्झ. साला पाचास चार या प्रमाणात ठेवलेला गंधार येतो ३४६.४८ वर. पेटीच्या पट्टीवरचा त्याच जागचा गंधार असतो ३४९.२३ वर, कारण पेटीचं सप्तक बारा सारख्या भागांत कापलेलं आहे. आता हे दोन्ही गंधार एकत्र वाजवा. फंक्शनने दिलेल्या दोन रांगांची बेरीज करायची आणि निम्मी करायची, नाहीतर आकडा मर्यादेबाहेर जाऊ शकतो. दोघांत पावणेतीन हर्ट्झचं अंतर आहे, म्हणून सूर सेकंदाला पावणेतीन वेळा हेलकावे खातो: भरतो, ओसरतो, पुन्हा भरतो. चार सेकंदांत अकरा हेलकावे मोजता येतात. पंचमाचं हेच करून पाहा. तीनास दोनचा पंचम ४१५.७७, पेटीचा ४१५.३०. इथे एक हेलकावा यायला दोन सेकंदांहून जास्त लागतात, म्हणजे पेटीचा पंचम जवळजवळ खरा आणि गंधार बराच चढा. गायक प्रत्येक रागात गंधार पाचास चारवरच लावतो असा माझा दावा नाही. तो कधी उतरतो, कधी झुलतो, आणि त्यातच गाणं आहे. पण तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार आणि पेटीचा गंधार यांच्यातलं अंतर पुस्तकात वाचण्यापेक्षा कानाने मोजलं की ते कायमचं लक्षात राहतं. गाणं शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला हे एकदा ऐकवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

जागेचा परिणाम घरच्या खोलीतही ऐकता येतो. १००० हर्ट्झचा सूर स्पीकरवर लावा आणि डोकं हळूहळू बाजूला हलवा. वीतभर अंतरात सूर मोठा होतो, जवळजवळ नाहीसा होतो, परत येतो. हवेतून आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, उकाड्यात जरा जास्त. म्हणजे या सुराची लाट ३४ सेंटिमीटर लांबीची. भिंतीवरून परतलेली लाट आणि सरळ आलेली लाट कुठे एकमेकींना जोर देतात, कुठे खोडून काढतात. १०० हर्ट्झला हीच लाट साडेतीन मीटरची होते, तेव्हा ऐकायला खोलीभर चालावं लागतं. म्हणूनच पाचव्या रांगेतला प्रेक्षक "बेस फार आहे" म्हणतो आणि आठव्या रांगेतला "बेस नाहीच" म्हणतो, आणि दोघंही खरं बोलत असतात. हा प्रयोग मोबाइलच्या स्पीकरवर करू नका. त्यातून १०० हर्ट्झ जवळपास येतच नाहीत. तरी फोनवर पुरुषाचा भारी आवाज आपल्याला भारीच वाटतो, कारण वरच्या कंपनांवरून मेंदू खालचा पाया स्वतः भरून काढतो. शुद्ध सुराला वरची कंपनंच नसतात, तेव्हा मेंदूलाही काही करता येत नाही.

दोन स्पीकर जोडताना लाल-काळ्या तारा उलट लागणं ही तर रोजची गोष्ट. त्यासाठी फंक्शनचा निकाल आधी दोन्ही बाजूंना जसाच्या तसा आणि मग एका बाजूला उणे एकने गुणून पाठवायचा. जोडणी बरोबर असेल तर सरळ सूर दोन स्पीकरच्या मधोमध घट्ट उभा राहतो आणि गुणलेला सूर पोकळ, पसरलेला वाटतो. उलट ऐकू आलं तर तारा बदला.

मात्र जपून. शुद्ध सूर कानाला असतो त्यापेक्षा सौम्य वाटतो, विशेषतः अगदी खालचा आणि अगदी वरचा. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की सारख्याच जोराचे सूर कानाला सारखे मोठे वाटत नाहीत. "ऐकू येत नाही" म्हणून १५,००० हर्ट्झवर आवाज वाढवत नेला तर ट्वीटरची बारीक कॉइल जळते आणि शेजारी उभ्या असलेल्या लहान मुलाच्या कानाला त्रास होतो. वयाबरोबर वरचे सूर आधी जातात. ज्या सुराला शाळकरी मुलं कान झाकून घेतात तो मला ऐकूही येत नाही. म्हणून माझ्या फंक्शनमध्ये पातळीला कमाल मर्यादा घातली आहे. कुणी पूर्ण जोर मागितला तरी ते देत नाही.

गेल्या वर्षी माझ्या ओळखीच्या एका नाट्यगृहात मी पेनड्राइव्हवर काही फाइली भरून ठेवल्या: ४०, ६०, ८०, १००, १००० आणि ८००० हर्ट्झचे सूर, एक स्वीप आणि डाव्या-उजव्याची चाचणी. तिथली व्यवस्था पाहणारे मामा पडदे, दिवे, स्वच्छता सगळं बघतात. संगणक त्यांनी कधी शिकला नव्हता. पण प्रयोगाच्या दिवशी सकाळी ते सगळे सूर क्रमाने वाजवतात. एकदा सकाळी त्यांचा फोन आला. "ताई, डावा साठवर फडफडतोय. उजवा बरा हाय."

"ऐंशीवर?"

"ऐंशीवर दोन्ही सारखेच."

आवाजाचा जोर तोच ठेवून सूर जितका खाली न्यावा तितका वूफरच्या पडद्याला जास्त धावावं लागतं; ऐंशीच्या मानाने साठला पावणेदोन पटीहून अधिक. तेव्हा जास्त धावल्यावरच फडफडणारी जागा म्हणजे कडेची फाटत आलेली पट्टी. मामांना जाळी काढून अंगठ्याने कड दाबायला सांगितली. खालच्या बाजूला बोटभर चीर होती. दुपारच्या एसटीने वूफर कोल्हापूरला कागद बदलणाऱ्याकडे गेला, संध्याकाळचा प्रयोग उजव्या बाजूच्या बेसवर चालवला, आणि मामांनी वहीत तारखेसमोर लिहून ठेवलं: डावा, ६०.